पवईच्या ट्रॅफिकमधला दादरा

आमच्या भजनी मंडळात मला हल्ली 'आयर्लंडवाले' म्हणतात. मी मूळचा कणकवलीकडचा. जन्म भांडुपचा, नोकरी अंधेरी एमआयडीसीत एका कंपनीच्या परचेस खात्यात, आणि मंडळात पखवाज वाजवतो. आयर्लंड सोडाच, विमानतळाच्या आत पाऊल पडलं तेही साहेबांना आणायला गेलो तेव्हा. तरी हे नाव पडलं आणि ते काही अगदीच चुकीचं नाही.

भानगड सुरू केली भाच्याने. तो ऐरोलीला आयटीत आहे आणि त्याला सगळ्यांना सुधारायची हौस आहे. गणपतीत घरी आला तेव्हा माझा फोन हातात घेऊन म्हणाला, "मामा, तुमचं इंग्रजी वाचायला चांगलं आहे, पण समोरचा बोलायला लागला की तुम्ही अडकता. रोज जाता-येता इंग्रजी पॉडकास्ट ऐका. कान तयार होईल." पखवाज वाजवणाऱ्या माणसाला कान तयार करायला सांगणारा हा पहिलाच. पण भाचा तो भाचा, त्याला काय बोलणार? त्याने अ‍ॅप टाकून दिलं, धंद्याच्या गप्पांचे दोन-तीन कार्यक्रमही लावून दिले.

ते मला झेपले नाहीत. इंग्रजीमुळे नाही, माणसांमुळे. दोघे जण एकमेकांच्या विनोदांवर इतके हसायचे की मुद्दा यायच्या आत पवई यायची. एकदा बसमध्ये वैतागून 'संगीत' या खान्यात शिरलो आणि खाली सरकवत गेलो, तर एक नाव दिसलं: आयरिश अँड केल्टिक म्युझिक पॉडकास्ट. केल्टिक म्हणजे काय ते तेव्हा ठाऊक नव्हतं. भाग तासाभराचा होता. कांजूरमार्गहून जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडने अंधेरीकडे जाणाऱ्या माणसाला तासभर म्हणजे नेमकं माप. मेट्रो सहाचे खांब उभे राहायला लागल्यापासून तर तो तास कधीकधी अपुराच पडतो.

हा पॉडकास्ट मार्क गन नावाचा अमेरिकन गृहस्थ चालवतो, २००५ पासून. म्हणजे 'पॉडकास्ट' हा शब्दच नवा होता तेव्हापासून. स्वतः ऑटोहार्प हे तारांचं वाद्य वाजवतो, गातो. टेक्सासमधल्या ऑस्टिनमध्ये त्याची नि एका साथीदाराची जोडी होती, अमेरिकेत जुन्या काळच्या वेशभूषेचे मेळे भरतात तिथे ही जोडी वाजवायची. मांजरं पाळणाऱ्यांसाठी दारू पिताना म्हणायच्या आयरिश गाण्यांचा एक आख्खा आल्बमही त्याने काढला आहे. माणूस कोणत्या मातीचा आहे ते एवढ्यावरून कळावं. कार्यक्रमात तो बोलतो थोडं, वाजवतो जास्त. आणि वाजवतो ते बहुतेक अशा बँडचं, ज्यांच्या पाठीशी मोठी कंपनी नाही. हे लोक स्वखर्चाने रेकॉर्डिंग करतात, स्वतःच विकतात, आणि आपलं एखादं गाणं या कार्यक्रमाला देतात. मार्कभाऊ बँडचं नाव सांगतात, आल्बमचं नाव सांगतात, आवडलं तर विकत घ्या म्हणतात, आणि पुढचं गाणं लावतात.

हे मला फार ओळखीचं वाटलं. आमच्याकडच्या डबलबारीतले बुवाही दिवसा कुठेतरी नोकरी करतात. कोणी पोस्टात, कोणी रेल्वेच्या वर्कशॉपात, कोणी फोर्टात वॉचमन. रात्री परळला किंवा लालबागला हॉल भरतो, दोन बुवा समोरासमोर बसतात, आणि पहाटेपर्यंत एकमेकांना सोडत नाहीत. त्यांच्या कॅसेटी निघायच्या, पण त्या काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमध्ये नव्हे, आमच्या नाक्यावरच्या दुकानात मिळायच्या. ऱ्हिदम हाऊस २०१६ साली बंद झालं तेव्हा पेपरांत रकाने भरून आले. नाक्यावरचं दुकान कधी मोबाइल रिपेअरिंगचं झालं ते आम्हालाही नीट सांगता येणार नाही.

तर ऐकायला लागलो. सुरुवातीचे कित्येक दिवस सगळ्या ट्यून मला चाळीतल्या खोल्यांसारख्या दिसायच्या, एकीचं दार दुसरीसारखंच. फिडल आहे, म्हणजे व्हायोलिनच, बासरीसारखी ती पत्र्याची व्हिसल आहे, अ‍ॅकॉर्डियन आहे, आणि सगळे मिळून तीच ओळ पळवताहेत. आपल्या कानाला आलापाची सवय. इथे कोणी थांबून एका सुरावर बसतच नाही. बंद करणारच होतो, पण एका सकाळी आयआयटीच्या गेटसमोर बस अडकलेली असताना मांडीवरच्या डब्याच्या पिशवीवर माझी बोटं काहीतरी वाजवत होती. काय वाजवतोय म्हणून बघितलं तर दादरा.

धा धी ना, धा ती ना. चक्क. हे लोक त्याला जिग म्हणतात आणि सहा-अष्टमांश असं लिहितात, पण मात्रा सहाच, तीन-तीनचे दोन गट. ठेका आपलाच. त्याची चाल मात्र वेगळी आहे: तीनातली पहिली मात्रा किंचित लांबलेली, मधली आखूड, आणि तिसरी पुढच्या 'धा'वर ढकलून देणारी. नाचायचं संगीत आहे ना, त्यामुळे पाय उचलायला तिसऱ्या मात्रेत जागा ठेवलेली असते. आपण दादरा बसून वाजवतो, गौळणीला, लाडाने. हा दादरा उभ्याने वाजवायचा.

एकदा दार सापडलं की घरात शिरता येतं. सहा मात्रांचं एक आवर्तन म्हणजे एक बार; अशा आठ बारांचा एक भाग, म्हणजे जिगमध्ये अठ्ठेचाळीस मात्रा. तो दोनदा. मग दुसरा भाग, जरा वरच्या पट्टीत चढणारा, तोही दोनदा. झाली एक ट्यून. ती दोन-तीनदा घोळवायची आणि न थांबता दुसरी ट्यून धरायची, मग तिसरी. अशा माळेला ते सेट म्हणतात. सगळी गंमत त्या बदलात आहे. नोटेशन समोर नाही, हात दाखवणारा कोणी नाही. मुख्य वाजवणारा मान वर करतो, भुवई उडवतो किंवा 'हप्' करतो, आणि पुढच्या मात्रेला आठ-दहा माणसं वेगळ्याच स्वरात, वेगळ्याच चालीत पोचलेली असतात. अभंगावरून गजरावर जाताना आमचे बुवा पेटीवरचा डावा हात उचलून जे करतात, तेच. तिथे माझा पखवाज चुकला तर सगळं मंडळ तोंडघशी पडतं, त्यामुळे ती मात्रा काय असते ते मला कोणी समजावून सांगायला नको.

मग मी ठेक्याने ओळखायला लागलो. रील म्हणजे चारात धावणारा, आपल्या केरव्याच्या घरातला, हाताला घाम आणणारा. हॉर्नपाइप त्याहून संथ, झुलत जाणारा. स्ट्रॅथस्पे हा खास स्कॉटलंडचा. त्यात आखूड-लांब असा एक झटका असतो, तो एकदा कळला की मग आयरिश आणि स्कॉटिश यांची गल्लत होत नाही. आणि स्लिप जिग! नऊ मात्रा, तीन-तीन-तीन. त्याच्यावर पुढे येतो, कारण सध्या आमच्या मंडळात तोच वादाचा विषय आहे.

सुरांआधी मला वाद्याने पकडलं, आणि ते वाद्य म्हणजे बौरान. एका बाजूनेच मढवलेलं मोठ्या खंजिरीएवढं किंवा त्याहून मोठं चौकटीचं वाद्य, बहुतेक बकरीच्या कातड्याचं. मांडीवर उभं धरतात. उजव्या हातात वीतभर लाकडी काडी, पेनासारखी मधोमध धरलेली, तिची दोन्ही टोकं वाजतात. मनगट दार उघडायच्या किल्लीसारखं फिरतं असं कोणी सांगितलं होतं, पण व्हिडिओ हळू करून बघितल्यावर कळलं की खरी करामत डाव्या हातात आहे. तो हात चौकटीच्या आतून कातड्याला टेकलेला असतो. तळवा वर सरकवला की आवाज चढतो, सैल सोडला की घुमतो. आपण पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावून जो खर्ज काढतो, तो हे लोक नुसत्या तळहाताने काढतात, आणि वाजवता वाजवता बदलतात. मींड काढल्यासारखा 'घूंऽऽ' तबल्याच्या डग्ग्यावर येतो ना, तसला स्वर मी या एकतोंडी वाद्यावर ऐकला आणि बस थांब्यावर उभी होती तरी उतरायचं राहून गेलं.

तालमीच्या दिवशी बुवांना व्हिडिओ दाखवला. आमचे बुवा सत्तरीचे, मुंबईत पन्नास वर्षं काढूनही बोलतात पक्कं मालवणी.

"ह्यो खंयचो मृदुंग?"

"आयर्लंडचो, बुवा. बकऱ्याचा कातडा आसा."

"एकाच तोंडाचो? आनी धुम खंय?"

"ती आतल्या हातात."

बुवांनी पुन्हा लावायला सांगितलं. मग आणखी एकदा. मग म्हणाले, "हात बरो आसा." बुवांच्या तोंडून एवढं निघालं म्हणजे भारतरत्नच.

या वाद्याची एक गोष्ट मला फार आवडते. आयर्लंडच्या खेड्यांत ते पूर्वी मुख्यतः २६ डिसेंबरला, रेन या पक्ष्याच्या नावाने सोंगं काढून पोरं दारोदार फिरत, त्या दिवशी बाहेर निघायचं. बैठकीच्या संगीतात त्याला मान नव्हता. १९६० च्या दशकात शॉन ओ रिआदा या संगीतकाराने आपल्या वाद्यवृंदात त्याला बसवलं आणि मग ते सगळीकडे गेलं. आजही चार जण सेशनला, म्हणजे एकत्र वाजवायला, बसले की बौरानवाल्यावर विनोद होतातच. आणि एक शिस्त आहे: एक बौरान वाजत असेल तर दुसऱ्याने आपलं बाहेर काढायचं नाही. आमच्या डबलबारीत पखवाजाला स्वतंत्र टाळ्या पडतात, पखवाजवाल्याच्या नावाने शिट्ट्या वाजतात, कधीकधी बुवापेक्षा तोच मोठा होतो. तिथे ठेकेवाल्याने ट्यूनच्या मागे राहायचं. मला ही शिस्त मनापासून पटली असं म्हणवत नाही. पण ऐकायला बरी लागते.

आणि पाऊस! कातड्याचं वाद्य आणि दमट हवा हे भांडण त्यांच्याकडेही आहे. हवा कोरडी पडली तर कातडं ताणून आवाज टणटण करतो, मग आतून पाण्याचा हात फिरवतात. ओल धरली तर ऊब देतात. जुलैत आमच्या खोलीत पखवाजाचे गट्टे ठोकून ठोकून माझी हातोडी झिजते, आणि तरी दुसऱ्या अभंगाला पुडी उतरते. कोणीतरी दूर अटलांटिकच्या कडेला याच कटकटीत आहे हे कळल्यावर कटकट कमी झाली नाही, पण शिव्या कमी झाल्या.

पॉडकास्ट ऐकता ऐकता प्रश्न पडायचे आणि मग रात्री जेवणानंतर मी शोधत बसायचो. "परत आयर्लंडला गेले," असं ही शेजारणीला सांगायची. या शोधाशोधीत मला जो माणूस सापडला त्याच्यावर कोणी मराठीत नाटक लिहायला हवं. फ्रान्सिस ओनील. आयर्लंडच्या कॉर्क परगण्यात १८४८ साली जन्मला, पोरवयात जहाजावर पळाला, फिरत फिरत शिकागोला पोचला आणि १८७३ मध्ये पोलिसात भरती झाला. भरती होऊन थोडेच दिवस झाले होते, तर एका चोराने गोळी घातली. ती गोळी पाठीत तशीच राहिली. हा माणूस चढत चढत १९०१ मध्ये शिकागोचा पोलीसप्रमुख झाला. आणि करत काय होता? ट्यून गोळा करत होता. कॉर्क, केरी, क्लेअर, मेयो, कुठकुठून पोटासाठी आलेले आयरिश लोक शिकागोत एकत्र आले होते, प्रत्येकाच्या डोक्यात आपापल्या गावच्या चाली. साहेबांना त्या पाठ व्हायच्या, पण लिहिता येईनात. मग त्यांच्याच खात्यातला जेम्स ओनील, आडनाव तेच पण नात्यातला नव्हे, फिडल वाजवायचा आणि स्वरलिपी लिहायचा. साहेब वाजवून दाखवणार, हा कागदावर उतरवणार. १९०३ साली पुस्तक निघालं, १,८५० चालींचं. १९०७ साली नाचाच्या १,००१ चालींचं दुसरं. चांगला वाजवणारा दिसला की साहेब त्याला पोलिसात नोकरी लावायचे, असंही सांगतात.

आता हे वाचून मला लालबाग-परळ आठवू नये असं कसं होईल? सावंतवाडी, देवगड, मालवण, राजापूर, प्रत्येक गावाच्या नावाची गिरणगावात खोली होती, आणि खोलीत टांगलेला पखवाज. गावात एकमेकांचं तोंड न बघणारे इथे एका झांजेवर आले. चाली एकमेकांत मिसळल्या. फक्त आमच्याकडे कमिशनरसाहेब पेटी घेऊन बसले नाहीत. बुवा गेले की त्यांची अर्धी चालही गेली, उरली ती शिष्याच्या डायरीत, 'चाल: अमुक सिनेमातल्या गाण्याप्रमाणे' अशी.

पॉडकास्टने दुसरं एक काम केलं, नकाशा मोठा केला. केल्टिक म्हणजे आयर्लंड आणि स्कॉटलंड एवढंच नाही. वेल्स आहे, कॉर्नवॉल आहे, आयल ऑफ मॅन आहे, फ्रान्सचा ब्रिटनी आहे. स्पेनच्या वायव्य टोकाचे गालिसियावालेही आपल्या बॅगपाइप्स घेऊन या पंगतीला बसतात. ब्रिटनीचं बोंबार्ड ऐका, डोळे मिटून ऐका. दोन पात्यांची जीभ असलेलं, सनईच्या कुळातलं वाद्य, आणि जोडीला लहानशी कर्कश बॅगपाइप. मी ऑफिसात हेडफोन काढून शेजारच्याला ऐकवलं, तर तो म्हणाला, "कोणाचं लग्न आहे?"

आणि समुद्रापलीकडे गेलेले. कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर, प्रिन्स एडवर्ड आयलंड आणि मॅग्दलेन बेटांकडे, फ्रेंच बोलणारे अकेडियन लोक राहतात. स्कॉटिश आणि आयरिश शेजाऱ्यांमुळे त्यांच्या फ्रेंच गाण्यांत तीच रील शिरली आहे. तिथला विश्तेन नावाचा एक बँड मला अशाच भटकंतीत भेटला. जुळ्या बहिणी आणि एक फिडलवाला. यांच्याकडे बौरान असो-नसो, ते पायांनी वाजवतात. खुर्चीत बसायचं, पायात कडक तळाचे बूट, खाली फळी. हाताने फिडल किंवा पियानो चालू आणि दोन्ही पाय टाचा-चवडे करत ठेका धरतात. पहिल्यांदा मी ढोलकी समजत होतो. पाय दिसल्यावर रात्री खुर्चीत बसून करून बघितलं. खालच्या मजल्यावरचे काका वर आले. त्या विषयावर आणखी लिहीत नाही.

स्कॉटलंडच्या टालिस्क या तिघांच्या बँडवरही मी भाळलो आहे. त्यातला मोहसेन अमिनी कॉन्सर्टिना वाजवतो. ग्लासगोचा पोरगा, वडील इराणी. कॉन्सर्टिना म्हणजे दोन्ही हातांच्या मध्ये धरायची सहाकोनी छोटी भात्याची पेटी. आमच्याकडे पेटीचा भाता म्हणजे श्वास, सुराला लागेल तेवढा. हा गडी भात्याने ठेका धरतो, इतक्या जोरात की ढोलवाल्याची गरज नाही. २०१६ साली बीबीसी रेडिओ स्कॉटलंडने त्याला त्या वर्षीचा तरुण पारंपरिक वादक म्हणून निवडलं होतं. मी निवड समितीत असतो तरी हेच केलं असतं.

आवडत नाही तेही सांगतो. बियरचा मग आपटत कोरसमध्ये ओरडायची गाणी मी पुढे ढकलतो. बॅगपाइपला इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रमसेट जोडून जे काही करतात, त्यातलं दहातलं एखादं बरं असतं, बाकी विसर्जनाच्या मिरवणुकीतला डीजे. उलट, कसलीही साथ न घेता एकट्याने गायचं आयरिश भाषेतलं जुनं गाणं, शॅन नोस म्हणतात त्याला, ते सुरुवातीला मला सपाट वाटलं होतं. पण त्यात प्रत्येक कडव्याला तोच सूर वेगळ्या जागी वळवतात, हरकत घेतात, शब्दासाठी लय सोडून देतात. ते बसमध्ये ऐकायचं नाही. रात्री, पंखा बंद करून.

स्कॉटलंडच्या हेब्रिडीज बेटांवरच्या बायकांची गाणी मात्र मला पहिल्या ऐकण्यातच कळली, भाषेचं अक्षर समजत नसताना. विणलेलं लोकरी कापड आटून घट्ट व्हावं म्हणून ते भिजवून लांब फळीवर आपटत आणि मळत. भिजवायला शिळं मूत्र वापरायचे, हे हिला सांगितलं तेव्हा तिने ताट उचलून आत नेलं. दोन्ही बाजूंना बायका, एक जण ओळ म्हणणार, बाकीच्या निरर्थक अक्षरांचं धृपद धरणार, आणि प्रत्येक ठोक्याला ओलं कापड धप्प आपटणार. आमच्या आजीच्या ओव्या जात्याच्या घरघरीवर होत्या. तिथे एकटी किंवा समोर एखादी जाऊबाई, त्यामुळे मनातलं बोलणं जास्त. इथे दहा-बारा जणी, त्यामुळे थट्टा जास्त असणार. जात्यावरच्या ओव्यांचं काम हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रभर फिरून केलं, लाखाच्या वर ओव्या जमवल्या. 'पारी' या संकेतस्थळावर त्या बाईच्या नावागावासकट ऐकायला मिळतात. आपल्याकडे गोळा करणारा कोणी नव्हता असं मी पोलीससाहेबांच्या ओघात म्हणून गेलो असेन, तर ते फक्त भजनापुरतं समजा.

एवढं सगळं आपणहून सापडलं असतं का? मी करून बघितलं आहे. गाणी ऐकायच्या एका प्रसिद्ध अ‍ॅपवर 'केल्टिक' असं टाकलं, तर पहिल्या झटक्याला आलं 'गाढ झोपेसाठी केल्टिक संगीत': मागे पावसाचा आवाज, पुढे हार्प, चित्रात धुकं आणि हरीण. जुलै महिन्यात भांडुपमध्ये राहणाऱ्या माणसाला पावसाचा आवाज फोनवर ऐकायची गरज नसते. त्यातून सुटलो तर तेच पाच-सात मोठे कलाकार, आणि एकदा हार्प ऐकली की मग आठवडाभर हार्पच. हे यंत्र मला आवडलेलंच परत वाढतं. मार्क गन मला न आवडणारंही ऐकवतो. एकाच तासात एक रडकं गाणं, मग पाइप्स, मग ते बियरवालं, मग वेल्सची हार्प. माणसाने लावलेल्या तासात त्या माणसाची हौस दिसते, कधी त्याचा हट्टही दिसतो. आमच्या बुवांना एखादी गौळण नको असली तरी ते म्हणतातच, कारण कोणीतरी म्हटली पाहिजे.

पैशाचंही बोललं पाहिजे. ऐकायच्या अ‍ॅपवर एका गाण्यामागे कलाकाराला जे मिळतं त्याला आपल्याकडे चिल्लर म्हणायची सोय नाही. म्हणून अधूनमधून मी बँडकॅम्प या बँडचं संगीत विकणाऱ्या साइटवरून एखादा आल्बम विकत घेतो. ते डिजिटल विक्रीतले १५ टक्के ठेवतात, पुढे व्यवहाराचा खर्च जातो, बाकी बँडला. दहा डॉलर म्हणजे आमच्या घरात महिन्याच्या हिशेबाच्या वहीत दिसणारी रक्कम. ही वही हिच्याकडे असते. "हे कशाचे?" "सांस्कृतिक." पहिल्यांदा भुवया चढल्या, आता 'सां.' असं लिहून पुढे जाते. एकदा तीन बहिणींच्या एका अमेरिकन बँडचा, गॉथर्ड सिस्टर्सचा, आल्बम घेतला. त्या मूळच्या आयरिश नाचाच्या स्पर्धांतल्या. लेकीला त्या इतक्या आवडल्या की त्या महिन्याचे 'सां.' तिच्या खात्यावर गेले.

आता मंडळ. गेल्या पावसाळ्यात एका तालमीला लाइट गेले होते, पेटीवाला यायचा होता, आणि मी फोनवर एक जिग लावून नुसता दादरा धरला. बुवा ऐकत बसले होते. दोन आवर्तनांनंतर त्यांनी त्याच चालीवर एक गौळण पुटपुटायला सुरुवात केली. शब्द तंतोतंत बसले असं नाही, दोन ठिकाणी 'गं बाई' टाकून मात्रा भरावी लागली. ते आमच्याकडे चालतं.

"चाल कोणाची रे?"

"कोणाचीच नाय, बुवा. पारंपरिक."

"मगे काय, आपलीच."

मी म्हटलं, तरी म्हणायच्या आधी आयर्लंडची चाल म्हणून सांगूया, त्या पॉडकास्टवर दर गाण्याला सांगतात तसं. यावर मंडळात दोन तट पडले. झांजवाले म्हणतात, सिनेमाच्या चाली उचलतो तेव्हा कोणाचं नाव घेतो? बुवा म्हणाले, सांगूया. त्यामुळे आता गौळणीच्या आधी माइकवर एक वाक्य बोलायचं काम माझ्याकडे आहे.

इथवर ठीक होतं. पण बुवांना चटक लागली आणि त्यांनी नऊ मात्रांची स्लिप जिग ऐकली. ती त्यांना इतकी गोड लागली की एक अभंग तिच्यावर बसवायचा म्हणून हट्ट धरला आहे. भजनी ठेका आठाचा, दादरा सहाचा, रूपक साताचा, इथवर आमच्या झांजा जातात. नऊ म्हटलं की दुसऱ्या आवर्तनाला एक जण सहावर टाळी देतो, दुसरा बारावर, आणि कोरस मध्ये लटकतो. मी त्यांना तीन-तीन-तीन असं बोटांवर मोजून दाखवलं. बौरानवाल्याचा व्हिडिओ हळू करून दाखवला. पोस्टातले आमचे एक जण म्हणतात की देवाला नऊ मात्रा लागत असत्या तर तुकारामांनी सांगितलं असतं. नवरात्रीची तारीख ठरली आहे. तोपर्यंत बसली तर स्लिप जिग वाजवू, नाही बसली तर गौळण आहेच, दादऱ्यातली.